टायमिंग पुली ओळखायची कशी? दिसायला सगळ्या सारख्याच, गोची तिथेच आहे

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी एक खोका असतो. गाडीसोबत येतो, आधीचा मालक "हे पण राहू द्या, स्पेअर आहेत" म्हणून हातात देतो, आणि उघडून बघितलं की आत तेलकट कागदात गुंडाळलेली दातेरी चाकं. माझ्या खोक्यात पाच निघाली. गाडी जेन्सन-हिली, म्हणजे इंजिन लोटसचं ९०७, १९७३ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, वर दोन कॅम. इंजिनाला कॅमच्या पुल्या लागतात दोन आणि माझ्याकडे पाच, वर तुटलेल्या एकीच्या जागी म्हणून मी अजून एक मागवली ती सहावी. विकणारा म्हणाला सेम आहे. बसली पण व्यवस्थित, गाडी चालू पण झाली, आणि तरी ती पुली चुकीची होती, हे कळायला मला दोन महिने लागले.

हा प्रश्न जुन्या फियाट, लोटस, फेरारी अशा कुठल्याही बेल्टवाल्या गाडीच्या मालकाला कधी ना कधी पडतोच. म्हणून एकदा पहिल्यापासून लिहून काढतो. मेकॅनिकल डोकं नसलं तरी चालेल, मोजपट्टी आणि धीर पाहिजे.

पुली करते काय मुळात

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो नि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच व्हायला पाहिजे, आणि नुसतं तेवढंच नाही तर पिस्टन अमुक ठिकाणी असताना व्हॉल्व्ह तमुक इतका उघडा असलाच पाहिजे. हा ताळमेळ सांभाळायला मधे दातेरी रबरी पट्टा, तोच टायमिंग बेल्ट, आणि तो ज्या चाकांवर चढतो त्या पुल्या. त्यांना कोणी गिअर म्हणतं कोणी स्प्रॉकेट, वस्तू एकच.

असला दातेरी पट्टा मुळात १९४०च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनसाठी आला, सुई आणि खालची बॉबिन एका तालात चालावी म्हणून. सुई जरा उशिरा आली की टाका चुकतो, इंजिनाचंही तसंच. बाजारात विकायच्या गाडीत कॅम फिरवायला तो पहिल्यांदा आणला जर्मनीतल्या ग्लास कंपनीने, १९६२च्या १००४ मॉडेलमध्ये. मग १९६६ला ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फियाट १२४ स्पोर्टसाठी दोन कॅमचं बेल्टवालं इंजिन केलं आणि तिथून हा प्रकार सगळीकडे पसरला. त्याच्या आधी चेन नाहीतर गिअर. चेन आवाज करते, तेल मागते, पण गुपचूप वर्षानुवर्षं चालते. बेल्ट शांत, स्वस्त, हलका, फक्त वेळेवर बदलावा लागतो आणि पुली त्याच्या मापाचीच लागते.

पहिली गोष्ट, दाताचा आकार

पुलीचं सपाट तोंड डोळ्यासमोर धरा आणि कडेला दोन दातांमधली खाच बघा. जुन्या डिझाइनमध्ये खाच सरळ कडांची असते, तळ सपाट, म्हणजे शाळेतल्या भूमितीतला समलंब चौकोन. नंतरच्या डिझाइनमध्ये खाच गोल, अर्ध्या वाटीसारखी. गोल दातावर ताण एका कोपऱ्यात न साठता पसरतो, म्हणून तो जास्त जोर सहन करतो. लोटसनेच ९०७च्या घराण्यातल्या पुढच्या इंजिनांना ८०च्या दशकात गोल दात दिले. आता गंमत बघा, घराणं एक, शाफ्ट बघायला गेलं तर तसाच, त्यामुळे दोन्ही काळातल्या पुल्या एकाच खोक्यात सापडणं अजिबात नवल नाही. माझ्या पाचातली एक गोल दाताची निघाली, ती लगेच बाजूला.

पुली तेलाने नि घाणीने माखलेली असेल तर डोळ्याला पटकन कळत नाही, त्यावर एक सोपी युक्ती आहे. पुली ब्रशने घासून पुसून घ्या, बाजूच्या सपाट तोंडावर दातांच्या कडेपाशी पातळ कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. खाचेचा अख्खा आकार कागदावर उमटतो, आणि बेल्टची कापलेली कड त्या कागदावर ठेवून मिळवता पण येते.

"पण गोल दाताचा बेल्ट जुन्या पुलीवर चढतो की, मी चढवून बघितलाय." असा एक जण भेटतोच. हो, चढेल एखाद्या वेळी, कारण दोन दातांमधलं अंतर दोन्हीकडे एकच असू शकतं. पण जुना चौकोनी दात उंचीला साधारण दोन मिलिमीटर आणि गोल दात तीन-साडेतीन. तो खाचेच्या तळाला टेकतो आणि बेल्ट पुलीवर न बसता दातांच्या टोकांवर उभा राहतो. वरून ताण बरोबर लागल्यासारखा वाटेल, आणि काही शे किलोमीटरांत दात मुळापासून सोलायला सुरुवात होईल. हा प्रयोग करू नका.

दुसरी, पिच

एका दातापासून पुढच्या दातापर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. गाड्यांच्या टायमिंग बेल्टमध्ये दोन मापं जास्त दिसतात, ९.५२५ मिलिमीटर म्हणजे बरोबर पाऊण इंचाचं अर्धं, आणि ८ मिलिमीटर. फरक दीडच मिलिमीटरचा. जॅकेटच्या झिपचा एक पदर बारीक दातांचा नि दुसरा मोठ्या दातांचा असेल तर काय होईल? सुरुवातीचे दोनचार दात बसतील आणि मग अडकेल. बेल्ट मात्र रबराचा असल्यामुळे तो अडकत नाही, थोडं सांभाळून घेतो, आणि तिथेच माणूस फसतो.

पिच पुलीवर मोजायला जाऊ नका. पुली गोल आहे, कॅलिपर (मापाचा चिमटा) सरळ आहे, आणि पिचचं खरं वर्तुळ दातांच्या टोकावर नसतंच, ते बेल्टच्या आतल्या दोऱ्यांतून जातं, त्यामुळे पुलीचा बाहेरचा व्यास हिशोबापेक्षा एखाद दीड मिलिमीटर कमीच भरतो. बेल्ट टेबलावर सपाट पसरा, एका दाताच्या कडेपासून अकराव्या दाताच्या त्याच कडेपर्यंत मोजा. ९५ आणि पाव आलं तर पहिलं माप, ८० आलं तर दुसरं. दहा दात एकदम मोजले की हाताची चूक दहात वाटली जाते. मग तोच बेल्ट पुलीला अर्धा गुंडाळायचा नि बत्ती लावून बघायचं, सगळे दात तळापर्यंत बसतात का कडेचे वर उचलले जातात.

नुसत्या आकारावर का जायचं नाही ते आकड्यात सांगतो. ९.५२५ पिचची ४० दात्यांची पुली घेतली तर हिशोबाचा व्यास येतो १२१.३ मिलिमीटर. ८ पिचची ४८ दात्यांची घेतली तर १२२.२. म्हणजे शेजारी ठेवल्या तर एक मिलिमीटरही फरक नाही! फोटोवरून तर विसराच.

बऱ्याच बेल्टच्या पाठीवर या सगळ्याचं उत्तर छापलेलं पण असतं, फक्त वाचायचं कसं ते माहीत नसतं. '१२४ झेडबी १९' असं काही दिसलं तर १२४ दात, १९ मिलिमीटर रुंदी. मधल्या अक्षरांतलं झेड म्हणजे ९.५२५ पिच, वाय म्हणजे ८. त्यापुढचं ए किंवा बी असेल तर दात चौकोनी, एच, एस, आर असेल तर गोलाईचा.

दाते मोजा, पण दोनदा

हे सोपं आहे तरी लोक चुकतात, कारण फिरवत मोजताना सुरुवात कुठे केली तेच विसरतं. एका दातावर खडूने फुली मारा आणि मग मोजा. कॅमचे दाते क्रँकच्या बरोबर दुप्पट पाहिजेत, २०ला ४०, २४ला ४८. तुमच्याकडे क्रँकची २४ आणि कॅमची ४० अशी जोडी असेल तर ती जोडी नाहीच, दोन वेगवेगळ्या इंजिनांतून आलेली भावंडं आहेत ती. इथे अर्धवट काही नसतं, बसलं तर बसलं.

आता खरी गोची, चावी आणि खूण

मी दोन महिने वाया घालवले ते इथे.

पुली शाफ्टवर गोल गोल सरकू नये म्हणून शाफ्टच्या खाचेत लोखंडाचा एक छोटा तुकडा बसवतात, त्याला चावी म्हणतात, आणि पुलीच्या भोकातही त्या चावीसाठी एक खाच असते. या खाचेचा दातांशी एक ठरलेला कोन असतो. दोन पुल्या दाताने सारख्या, पिचने सारख्या, दात्यांच्या संख्येने सारख्या, भोकाने सारख्या, आणि फक्त हा कोन वेगळा, असं असू शकतं. नव्हे, कंपन्या मुद्दाम तसं करतात. कॅम तोच ठेवून व्हॉल्व्ह थोडा आधी किंवा थोडा उशिरा उघडायचा असेल, म्हणजे एका देशाच्या धुराच्या नियमासाठी एक टायमिंग आणि दुसरीकडे जास्त ताकदीसाठी दुसरं, तर नवा कॅम घडवण्यापेक्षा खाच जराशी फिरवलेली पुली बनवणं कितीतरी स्वस्त पडतं. लोटसच्या या इंजिनांत अशा पुल्यांवर रंगाचे ठिपके असतात, लाल, निळा, हिरवा, ते त्यासाठीच. पन्नास वर्षांत रंग उडतो, किंवा कोणीतरी प्रेमाने सगळी पुली वायर ब्रशने लख्ख करून टाकतो. झालं.

घड्याळाचं उदाहरण घ्या. काट्यांची जोडी काढून परत लावताना मिनिटकाटा जरासा फिरवून बसवला तर घड्याळ बंद पडतं का? नाही, टिकटिक चालू, चाल एकदम बरोबर, फक्त ते कायम सात मिनिटं मागे दाखवतं. चुकीच्या कोनाची पुली म्हणजे हेच. बेल्ट चढवताना पुल्यांवरच्या खुणा जुळतात, इंजिन सुरू होतं, आयडलला पण बरं चालतं, आणि तरी गाडीला खालच्या आरपीएमला दम नाही. तुम्ही कार्ब्युरेटर उघडता, प्लग बदलता, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला शिव्या घालता. मी हे सगळं त्याच क्रमाने केलं.

हा फरक डोळ्याला का दिसत नाही ते बघा. समजा दोन पुल्यांच्या टायमिंगमध्ये क्रँकच्या मापाने १० अंशांचा फरक आहे. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो म्हणजे पुलीवर तो झाला ५ अंश. शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर धरला तर खाच सरकली जेमतेम एक मिलिमीटर. नुसती एक पुली हातात धरून हा एक मिलिमीटर ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दोन्ही एकमेकींवर ठेवून खाचांत एकच चावी घातली आणि बाहेरचे दात बघितले तर मात्र चोरी पकडली जाते, कारण तोच फरक कडेवर पाच मिलिमीटरच्या वर जातो, दाताच्या समोर दात यायच्या ऐवजी साधारण दाताच्या समोर खाच येते. हा दोन मिनिटांचा प्रयोग मी सहावी पुली लावायच्या आधी केला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

"मग एक दात सरकवून घेऊ की"

हे ऐकायला बरोबर वाटतं. ४० दात्यांच्या पुलीवर एक दात म्हणजे ९ अंश, क्रँकवर १८. तुमची चूक १० अंशांची. एक दात सरकवलात तर १०ची चूक जाऊन उलट्या बाजूला ८ची चूक हातात येते. शर्टचं बटण एक काजं चुकलं तर एक काजं सरकवून सुधारतं, शर्टच तिरका शिवला असेल तर काय सरकवणार?

"पार्ट नंबर बघा ना सरळ"

बघाच, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. पुलीवर ओतीव अक्षरात जो नंबर दिसतो तो बऱ्याचदा कच्च्या ओतकामाचा असतो. त्याच ओतकामातून पुढे मशीनवर खाच वेगवेगळ्या कोनात कापून दोनतीन वेगळे पार्ट तयार होतात, त्यामुळे ओतीव नंबर एक असून पुल्या वेगळ्या असू शकतात. ठोकून उठवलेला किंवा कोरलेला नंबर जास्त कामाचा. काही पुल्यांना तर आत दोन खाचा असतात आणि कुठल्या बाजूला लावतोय त्यावर खाच ठरते, तिथे पार्ट बरोबर असूनही बसवणं चुकतं. आणि विकणारा "सेम आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो असं नाही, त्याने दाते मोजलेले असतात नि भोक मोजलेलं असतं, खाचेचा कोन कोण मोजतो?

"त्यापेक्षा अ‍ॅडजस्टेबल पुली लावतो"

ही दोन तुकड्यांत असते, मधला भाग शाफ्टवर, बाहेरचा दातांचा, आणि लांबट भोकांतले बोल्ट सैल करून दोन्ही एकमेकांत थोडे फिरवता येतात. चांगली वस्तू आहे, हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, घासून घेतलं असेल किंवा कॅम बदलला असेल तर लागतेच. पण ती तुम्हाला कोन बदलू देते, कोन किती पाहिजे ते सांगत नाही. मोजायचं काम टळत नाही, उलट आता मोजल्याशिवाय ती लावताच येत नाही. आणि ते बोल्ट नीट आवळले नाहीत तर चालत्या इंजिनात टायमिंग सरकतं, त्यामुळे ज्याला एकदा लावून विसरायचंय त्याने फिक्स पुलीच बघावी असं माझं मत.

तिसऱ्या पुलीला विसरू नका

बेल्ट वाटेत अजून एक पुली फिरवत जातो, ऑक्झिलरी शाफ्टची. ९०७मध्ये त्या शाफ्टवर ऑइल पंप आणि डिस्ट्रिब्युटर चालतात. लोकांना वाटतं हिचं काय, कशीही लागली तरी फिरेलच. फिरेल, पण डिस्ट्रिब्युटर तिच्या जिवावर असेल तर ठिणगीची वेळ तिच्यावर आली. आणि फियाटच्या दोन कॅमवाल्या इंजिनांत तर या शाफ्टवर पेट्रोल पंप ढकलायचा एक उंचवटा असतो, शाफ्ट भलत्या कोनात बसला तर तो उंचवटा दुसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडवर आपटू शकतो. म्हणजे जिला कोणी विचारत नाही तीच इंजिनाला भोक पाडणार. हिचेही दाते मोजा, खूण शोधा, कॅमइतकीच काळजी घ्या.

बरोबर आहे पण झिजलेली आहे

यावर फार नाही लिहीत. दाताची एक बाजू सरळ नि दुसरी आत ओढल्यासारखी आकड्यासारखी झाली असेल, नखाने चाचपल्यावर बेल्टच्या रुंदीइतका पट्टा खोल लागत असेल, किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पुलीवरचा कडक थर जाऊन खालचा पांढरा चकाकता धातू दिसत असेल, तर ती पुली नवा बेल्ट खाणार. कडेची पत्र्याची चकती वाकलेली असेल तर तेच. जमत असेल तर क्रँक, दोन्ही कॅम आणि ऑक्झिलरी असा पूर्ण संच एकाच ठिकाणून घ्या, एकेक जमवत बसलं की माझा खोका तयार होतो.

शेवटी इंजिनालाच विचारायचं

ठिपके, नंबर, विकणारा, सगळे एका बाजूला. पुली बरोबर आहे का हे पक्कं सांगणारी गोष्ट एकच, व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो तेव्हा क्रँक कुठे आहे. इंग्रजी पुस्तकांत याला एमओपी म्हणतात, आणि तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हा आकडा अंशात दिलेला असतो. पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेला टीडीसी म्हणतात, तिथून हे अंश मोजायचे.

लागतं काय, तर क्रँकला लावायची अंशांची गोल चकती, व्हॉल्व्ह किती उघडला ते सुईने दाखवणारं एक डायल गेज, आणि स्पार्क प्लगच्या भोकात फिरवून बसवता येईल असा बोथट टोकाचा बोल्ट. प्लग सगळे काढा, म्हणजे क्रँक हाताने फिरेल. बोल्ट बसवा, क्रँक अलगद फिरवा, पिस्टन टेकला की आकडा लिहा, आता उलटं फिरवत दुसऱ्या बाजूने टेकवा, आकडा लिहा, दोन्हींच्या बरोबर मधे टीडीसी. बोल्ट काढायला विसरू नका. यानंतर मात्र क्रँक फक्त इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने फिरवायचा, नाहीतर बेल्टची ढिलाई भलत्या बाजूला जाऊन आकडे हलतात. आणि मधेच कुठे अडलं तर पान्यावर जोर देऊ नका, बहुतेक व्हॉल्व्ह पिस्टनला भेटलाय.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो ती जागा थेट सापडत नाही, कारण माथ्यावर सुई बराच वेळ थांबल्यासारखी वाटते. म्हणून माथ्याच्या एक मिलिमीटर अलीकडे किती अंश आणि तेवढंच पलीकडे किती अंश हे वाचायचं, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. माझ्या खोक्यातल्या एका जुन्या पुलीवर इनलेटचे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचे, आकडे आले ६० आणि १४२, मध्य १०१. त्याच शाफ्टवर मागवलेली 'सेम' पुली चढवली तर ७० आणि १५२, मध्य १११. दहा अंश उशीर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटायलाही उशीर, म्हणजे कमी वेगात आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतोय. दम नव्हता त्याचं कारण एवढंच.

मग एका दुपारी खोक्यातल्या चौकोनी दाताच्या चारही पुल्या एकामागून एक चढवून मोजल्या. दोन १०१च्या आसपास, एक १११, आणि एकीचा आकडा दर वेळी वेगळा यायला लागला, तेव्हा उतरवून बघितलं तर तिच्या खाचेची कड चेपून रुंद झाली होती नि चावी आत डुलत होती. ती भंगारात दिली. बाकीच्यांच्या आतल्या तोंडावर, जिथे कोणाचा वायर ब्रश सहज पोचणार नाही, मी कोरायच्या सुईने आकडे कोरून ठेवलेत.